फाटकाची किल्ली

बाळांनो, तुमच्या उन्हाळी शिबिराचे फोटो पाहिले. तळं, होड्या, प्रत्येक पोराच्या डोक्यावर हेल्मेट. छान. आता तुमच्या आजीचं शिबिर ऐका.

राज्याच्या सीमेवर, जैनथकडच्या एका खेड्यात चर्चची पत्र्याची शेड, दोन कूलर (एक शोभेचा) आणि एक्केचाळीस पोरं. आपण बौद्ध माणसं, तिथं मी काय करत होते? पास्टर म्हणाले, "मॅडम, गाणी आम्ही शिकवतो, तुम्ही फक्त शिस्त बघा." मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला याहून गोड काही ऐकवता येत नाही. हजेरी, पाण्याची रांग आणि फाटक माझ्याकडे आलं. किल्ली मी रिबिनीत ओवून गळ्यात घातली. नियमही मीच लिहिला, मराठीत आणि तेलुगूत: कार्यक्रम संपेपर्यंत कोणी बाहेर जाणार नाही, जनावरं आत येणार नाहीत.

नियमाचा दुसरा भाग एका मुलीसाठी होता. दहा वर्षांची. आई दिवसभर मजुरीला जायची. चार बकऱ्या सांभाळायच्या, मग कुठं जायचं तिथं जा, अशी आईची अट. मुलगी रोज बकऱ्या घेऊन यायची, भिंतीबाहेर लिंबाखाली बांधायची आणि खिडकीजवळची जागा धरायची.

शेवटच्या दिवशी नाटक होतं, बायबलमधल्या हरवलेल्या मेंढराचं: मेंढपाळ बाकीचा कळप सोडून त्या एकाला शोधतो आणि खांद्यावर घेऊन येतो. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. सगळ्यांच्या बनियनवर चिकटवला. मेंढपाळाचं काम ज्याच्या वडिलांनी माइक दिला त्या मुलाला. बारा महिने बकऱ्या राखणारी आमची मुलगी मेंढरू क्रमांक तेवीस. तिला एकच संवाद होता, "बें." भूमिकांची यादी मीच केली होती, हजेरीच्या क्रमाने. अत्यंत न्याय्य.

नाटक रंगात आलं आणि क्रमांक तेवीस धावत फाटकाशी आली.

"आजी, गेट खोला. माही बकरी सुटली."

"प्रार्थना झाल्यावर. जागेवर जाऊन बस."

"गाभण हाय ते! कुत्रे फाडतीन न तिले. आई म्हणे, बकरी गेली त घरी येऊ नको."

मागे माइकवर मेंढपाळ ओरडत होता, "नव्व्याण्णव इथंच राहू द्या! मी त्या एकीला शोधायला चाललो!" टाळ्या पडल्या. मी इंग्रजी साहित्याची एम.ए. दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात हा प्रसंग वाचला असता, तर समासात पेन्सिलीने खूण केली असती. इथं मी म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

मुलगी रडली नाही. पदर खोचतात तसा तिनं कापूस लावलेला बनियन स्कर्टमध्ये खोचला आणि भिंतीवर चढू लागली. भिंतीवर काचा होत्या. तेव्हा कुठं माझा हात किल्लीकडे गेला.

बाहेर येताच तिनं उरलेल्या तिघींची दावी सोडून माझ्या हातात दिली. "ढिली सोडू नका. ही पांढरी लय हरामी हाय." आणि पळाली.

मग फाटक सताड उघडं, आत एकोणचाळीस मेंढरं आणि बाहेर मी, पांढरीच्या तोंडातून माझा पदर सोडवत. माइकवर माझं नाव पुकारलं, शालीसाठी. दोनदा. मी गेले नाही. रस्त्याकडे बघत होते. जिच्या नावापुढे दहाही दिवस 'हजर' लिहिलं, तिचं घर गावात कुठल्या बाजूला आहे, हेही मला ठाऊक नव्हतं.

पाऊण तासानं ती आली. बकरी लग्नाच्या मांडवात सापडली होती म्हणे, आंब्याचं तोरण खाताना. मुलीच्या हातात बकरीचा कान, तोंडात शिव्यांची माळ आणि अंगावर जेमतेम मूठभर कापूस.

हैदराबादहून आलेले पाहुणे गहिवरले. मोबाइल काढून म्हणाले, "बेटा, इसको कंधे पर उठाओ. फोटो!"

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांगा न ह्यायले, आजी. गाभण हाय. खांद्यावर घेतली त पोटातलं मरन."

मी सांगितलं. तोवर तिनं माझ्या हातातली दावी घेतली, चारी डोकी मोजली आणि निघाली. आई परत यायच्या आत तिला घरी पोचायचं होतं.