पुसलेलं निशाण

"मॅडम, निशाण दिसून नाही राहिलं," पुष्पा सिस्टर म्हणाल्या, तेव्हा ब्लेड माझ्या हातात आलेलं होतं.

ऑपरेशनच्या टेबलावर कौसल्याबाई होत्या. उमरेडच्या, अजूनही हातमागावर बसणाऱ्या. डाव्या डोळ्याने लहानपणापासून अंधूक दिसायचं. सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्यातच मोतीबिंदू. शिवाय ॲस्टिग्मॅटिझम. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा सगळीकडून सारखा गोल असावा; त्यांचा एका दिशेने जास्त वळलेला होता. त्यामुळे रेषा फाटल्यासारख्या दिसतात.

तपासणीत मी विचारलं होतं, चष्म्याशिवाय दूरचं दिसायला हवं की जवळचं?

"दूरचं पाहून काय करू? मले हातभरावरचा धागा दिसला पाहिजे."

अशा डोळ्यात तो जास्तीचा बाक भरून काढणारी टोरिक लेन्स टाकतात. ती ठरलेल्या कोनातच बसवावी लागते. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित फिरतो, म्हणून पेशंट बसलेला असतानाच डोळ्यावर निळ्या पेनने निशाण करायचं. मी केलं होतं. औषधाने डोळा धुताना ते पुसलं गेलं.

बाहेर पाच पेशंट थांबलेले. हॉस्पिटलचे मॅनेजर दोनदा विचारून गेले होते.

"कोन माझ्या लक्षात आहे," मी म्हणाले. "अंदाजाने बसवते."

सिस्टरनी आवाज चढवला नाही. "मॅडम, एकच डोळा कामाचा आहे त्यांचा."

मला राग आला. आधी त्यांचा, मग स्वतःचा. मी ब्लेड खाली ठेवलं.

हिरवं कापड काढून बाईंना उठवून बसवलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "काहून मॅडम, डोळा गेला का माहा?"

"नाही. अजून सुरूच केलं नाही. निशाण पुसलं गेलं, ते पुन्हा करायचंय. माझंच आधी लक्ष गेलं नाही."

त्यांनी माझं मनगट सोडलं. "मंग करा ना. मागावर ताण्याचा धागा चुकला तं आमी बी खोलून पुन्हा लावतो."

पुन्हा निशाण, पुन्हा डोळा धुणं, नवीन कापड, नवीन ग्लोव्ह्ज. ऑपरेशनची लिस्ट पाऊण तास मागे पडली. मॅनेजरनी तसं सांगितलं. मी "हो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बाईंनी समोरच्या तक्त्याकडे पाहिलंच नाही. पदराचा काठ हातभर अंतरावर धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"धागे सुटे सुटे दिसून राहिले," त्या म्हणाल्या आणि मला हात जोडले.

मी सिस्टरना बोलावून घेतलं आणि काल काय झालं ते सगळं बाईंना सांगितलं. माझ्या अंदाजासकट. बाई उठल्या आणि सिस्टरचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"मी काय केलं वं मावशी? बोलली फक्त," सिस्टर म्हणाल्या.

तेवढंच केलं होतं त्यांनी. माझ्या इतक्या वर्षांच्या सर्जरीत त्याहून मोठी मदत मला कुणी केल्याचं आठवत नाही.

आता आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये निशाण दिसतंय असं सिस्टरनी मोठ्याने सांगितल्याशिवाय कुणाला ब्लेड मिळत नाही. मी सर्वांत सिनिअर आहे, मला टोकायला बाकीचे कचरतात; म्हणून मला तर त्या "दिसतंय ना?" असं दोनदा विचारतात.