दारातली चप्पल

समोरच्या फ्लॅटमधली बाई आफ्रिकेतल्या इरिट्रियाची. इथली दारं आपोआप बंद होतात, म्हणून संध्याकाळी स्वयंपाक करताना ती दाराच्या फटीत एक चप्पल अडकवून ठेवते. भाजलेल्या कॉफीचा वास जिनाभर पसरतो. कॉफी प्यायला मात्र कुणीच येत नाही.

आज ती चप्पल दिसली आणि माझे पाय तिथंच थांबले. कालच सांगलीकडच्या मावशीला फोनवर माझी नवी कथा वाचून दाखवली होती. कथा तिच्याच गावातली. मला मध्येच थांबवून मावशी म्हणाली, "अगं, ही शेजारीण भरदुपारी कडी कशाला वाजवतेय? आपल्याकडं दिवसा दार कोण लावतं?"

रॉटरडॅममधलं हे दार माझ्या नकळत त्या गावाला जाऊन बसलं होतं. घर सोडून लिहिणाऱ्या सगळ्यांचंच असं होत असेल का? गावाबद्दल लिहावं तर हे शहर मध्ये घुसतं, शहराबद्दल लिहावं तर गाव डोकावतं. धड कुठंच बूड टेकत नाही.

घरात येऊन कथेतली कडी खोडली. शेजारीण सरळ आत आली, "झालं का गं जेवण?" म्हणाली. मग मी उठले आणि माझ्याही दाराच्या फटीत चप्पल सरकवली.

आता लिहितेय खरी, पण दर ओळीला मागं वळून दाराकडं बघतेय.