अठरा पूर्ण होईपर्यंत

मुलगी सोळा वर्षांची झाली तेव्हा तिची आई जाऊन दीडएक वर्ष झालं होतं. मुलुंड पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत आता आम्ही दोघंच होतो. भांडणं अशी नव्हतीच. सकाळी मी डबे भरायचो, ती कॉलेजला जायची, मी भांडुपच्या औषधांच्या गोदामात कामावर. संध्याकाळी ती आतल्या खोलीत, मी बाहेर टीव्हीसमोर. जेवताना मी विचारायचो, "भाजी बरी झालीय ना?" ती म्हणायची, "हं." आमच्या घरात बोलायचं काम तिची आई करायची आणि आम्ही दोघं नुसते ऐकणारे होतो, हे ती गेल्यावर कळलं.

एका संध्याकाळी मुलगी आपणहून बाहेर येऊन बसली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"बाबा, ही इलेक्ट्रिक स्कूटर बघ. हिला लायसन्स लागत नाही. नंबर प्लेटपण नाही."

"तुझ्या वयाला चालते?"

"चालते. हळू जाते ना म्हणून."

दुकानदारानेही तेच सांगितलं. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत राहणारी, कमी ताकदीची गाडी कायद्याने मोटारगाडीत धरतच नाहीत, सायकलच समजतात. त्याहून वेगवान असेल तर मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं आणि चालवणाऱ्याला अठरा पूर्ण हवीत. "ही इतकी सावकाश जाते साहेब, की मागचे रिक्षावाले वैतागतील," तो म्हणाला. मुलगी हसली. तिला तसं हसताना मी बऱ्याच दिवसांनी बघितलं. हेल्मेटसकट गाडी घेऊन आम्ही घरी आलो.

दोनेक महिने बरे गेले. मग तिला यायला उशीर व्हायला लागला. विचारलं तर म्हणायची, "मैत्रिणीकडे होते." मी पुढे विचारत नव्हतो. तिची आई असती तर तिने चार प्रश्नांत सगळं काढून घेतलं असतं. मला दुसरा प्रश्न कुठला विचारायचा तेच सुचायचं नाही. मी खिडकीत उभा राहून तिची वाट बघायचो आणि ती गेटातून आत आली की टीव्हीसमोर जाऊन बसायचो.

एका दुपारी गोदामात फोन आला. ट्रॅफिक पोलीस चौकीतून एक बाई बोलत होत्या. "तुमची मुलगी इथे आहे. ठीक आहे, लागलेलं नाही काही. तुम्ही या."

मी रिक्षाने पोचलो तेव्हा मुलगी बाकावर बसली होती, हेल्मेट मांडीवर घेऊन. ती ऐरोलीच्या पुलाकडून येताना सापडली होती. ज्या वेगाने येत होती तो पंचवीसचा नव्हताच. मैत्रिणीच्या ओळखीतल्या कुणा मेकॅनिकने वेग अडवणारी वायर तोडून दिली होती.

हवालदार बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"वायर तोडली की ही गाडी सायकल राहत नाही, कळलं ना? ती मोटारगाडी झाली. विनानोंदणीची, आणि चालवणारी सोळाची. केस केली तर पहिले तुम्ही आत. पालक म्हणून. आणि हिला पंचवीस वर्षांची होईपर्यंत लायसन्स मिळणार नाही."

मी मान खाली घातली. मग बाई मुलीकडे वळल्या.

"कॉलेज मुलुंडात, घर मुलुंडात. मग पुलावर कशाला जातेस गं?"

तिने हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "तिथे खाडीचा वारा असतो. घरी लवकर गेलं तरी कोणी बोलत नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरचा चहाचा ग्लास उगाच जरा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "गाडी ढकलत न्या. वायर जोडून आणा, मला दाखवा. परत सापडली तर मी ऐकणार नाही."

आम्ही गाडी ढकलत निघालो. मी एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने. अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, "अठरा होईपर्यंत मी चालवणार. तू मागे बसायचं." मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "तुला येते तरी का?"

येत होती. वायर जोडून घेतली, चौकीत दाखवली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी तिला कॉलेजला सोडून पुढे भांडुपला जायला लागलो. दोघांच्या वजनाने गाडी आणखी हळू झाली. रेल्वेवरच्या पुलाचा चढ आला की गाडी रडकुंडीला यायची. मग मुलगी उतरून कडेने चालायची, मी तिच्या शेजारून गाडी रेटायचो आणि मागचे लोक हॉर्न वाजवायचे. तिथेच आमचं बोलणं सुरू झालं. आधी त्या हॉर्नवाल्यांबद्दल, मग तिच्या केमिस्ट्रीच्या मॅडमबद्दल, आणि एकदा, चढ संपता संपता, तिच्या आईबद्दल. हॉस्पिटलमध्ये शेवटी आई काय म्हणाली होती, ते तिने मला विचारलं. मी सांगितलं. त्या दिवशी चढ संपल्यावरही ती गाडीवर बसली नाही. कॉलेजपर्यंत आम्ही चालतच गेलो.

अठरा पूर्ण झाल्यावर तिने लायसन्स काढलं. टेस्टला मी गेलो होतो, झाडाखाली उभा होतो. ती पास झाली, माझा हात दाबला आणि मैत्रिणीच्या मोठ्या स्कूटरवरून दोघी निघून गेल्या. "बाबा, तू ये मागून," असं ओरडून गेली. मी गेलो मागून. पंचवीसच्या वेगाने. आनंद झाला होता, पण मागची सीट हलकी लागत होती आणि पुलाचा चढ गाडी एका दमात चढली.

त्याच वर्षी तिला नाशिकला प्रवेश मिळाला. मी तिला हॉस्टेलवर सोडून आलो. पुढचे काही आठवडे सकाळी दोन डबे काढायचो आणि एक परत ठेवायचो. कामावर मी ट्रेनने जायला लागलो. गाडी आठवड्यातून एकदा नुसती चार्ज करायचो, बॅटरी बसू नये म्हणून. नंतर तेही जमेना. समोरच्या बिल्डिंगमध्ये पोळीभाजीचे डबे पोचवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं. त्यांना गाडी दिली आणि वायरीला हात लावू नका एवढं बजावलं.

मुलगी रविवारी फोन करते. परवा सांगत होती की हॉस्टेलच्या मैत्रिणीच्या स्कूटरवर तिलाच मागे बसवून गंगापूर धरणापर्यंत गेली होती. खूप वारा होता म्हणाली. मी विचारलं, "हेल्मेट?" म्हणाली, "हो रे बाबा, दोघींना." मग तिला जेवायला हाक आली.

फोन ठेवल्यावर मी कुकर लावला. एक वाटी तांदूळ दोन वेळांना पुरतो.