स्कूटरवरची मागची सीट

मित्रांनो, आज सकाळी भिंगारला गेलो होतो. माझा जिवलग मित्र वसंता गेल्या महिन्यात वारला, म्हणून वहिनींना भेटायला.

अंगणात त्याची जुनी स्कूटर उभी होती. बहात्तर साली आम्ही दोघं तिच्यावरून कन्याकुमारीला गेलो होतो.

वहिनींना जरा बरं वाटावं म्हणून मी त्या प्रवासाचं सांगत बसलो. गाडी पळायची बेताचीच, पण दिवसभर बसूनही पाठ दुखायची नाही. पायाशी ट्रंक मावायची. मागच्याशी गप्पा मारत जाता यायचं. पुढे मोटार घेतली, पण ती मजा पुन्हा आली नाही.

वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, तवा आमचं नवं लगीन हुतं. मलाबी यायचं हुतं. हे म्हणाले, लांबचा रस्ता हाय, बाईमाणसाला झेपायचा न्हाई. तुला पुढच्या साली नेतो."

"मग?"

"हितं जवळ कोल्हारच्या देवीला नेलं तेवढंच. त्याच्या पुढं कधी न्हाई." मग त्यांनी विचारलं, "खरं सांगा, मला झेपलं नसतं का?"

त्या मागच्या सीटवर मी चक्क डुलक्या काढल्या होत्या.

"झेपलं असतं, वहिनी," मी म्हणालो.

त्या रडल्या नाहीत. "वाटलंच हुतं मला," म्हणाल्या आणि रिकामे कप घेऊन आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

घरी आल्यापासून मन लागत नाही. मी खोटं बोलायला हवं होतं का? तुम्ही काय सांगितलं असतं?