हिमनदीचं बारसं

मी नकाशांचं पुस्तक उघडून बसले होते. मटार सोलता सोलता आत्याने त्यात डोकं घातलं. अंटार्क्टिकाच्या कडेला डोंगरातून समुद्रापर्यंत आलेली एक हिमनदी होती आणि तिच्यावर कुणा दर्यावर्दी गृहस्थाचं नाव.

"हा तिथे राहायचा?"

"अगं, तिथे कुणीच राहत नाही. शोधायला गेलेले लोक नावं ठेवतात."

"राहायला कुणी नाही, आणि नावं ठेवायला माणसं हजर!" आत्या खुदकन हसली.

मलाही हसू आलं. इतकी वर्षं ती हिमनदी बिननावाची, मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तिचं काहीच अडलं नव्हतं. अडलं ते आपलं. हाक मारता आल्याशिवाय आपल्याला कुणी आपलं वाटत नाही.

शेजारीच एक बारीकशी हिमनदी निनावी होती. "हिला आत्या नाही वाटतं," म्हणत आत्या वाकली, कागदाशी तोंड नेऊन तिने 'कुर्रर्र' केलं आणि काहीतरी पुटपुटली. माझं नावही तिनेच असं माझ्या कानात सांगितलं होतं.

"काय ठेवलंस गं?"

"तिला सांगितलंय," पुढची शेंग उचलत आत्या म्हणाली, "जाशील तेव्हा तिलाच विचार."