वर्गातला नमुना

"पुस्तकातला फोटो कशाला बघता? आपल्या वर्गातच आहे नमुना."

सर असं म्हणाले आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दंत महाविद्यालयाचं माझं तिसरं वर्ष होतं. यवतमाळात शिकत होते. त्या दिवशी दात किडणं म्हणजे काय आणि किडल्यासारखं नुसतं दिसणं म्हणजे काय, हा धडा होता.

सरांनी खुर्चीकडे बोट केलं. मी बसले. पेशंटच्या गळ्यात अडकवतात तो निळा कागदी रुमाल कुणीतरी माझ्या गळ्यात अडकवला. दिवा थेट डोळ्यांवर आला.

"तोंड उघड."

उघडलं. सरांनी प्लास्टिकचा आकडा घालून माझे ओठ दोन्ही बाजूंना ओढले. तसं ओढलं की माणसाला बोलता येत नाही. गिळताही येत नाही. लाळ हनुवटीवरून ओघळत जाते. सगळा वर्ग एकेक करून येऊन वाकून बघून गेला. सर टोकदार सळई माझ्या दातांवरून फिरवत सांगत होते. ही कीड नाही. कीड म्हणजे गोड खाल्ल्यावर जंतू आम्ल तयार करतात, त्यानं दात पोखरतो. इथं तसं काही नाही. हे डाग पाण्यातल्या फ्लोराइडचे. फ्लोरोसिस. तांड्यावरची तोंडं अशीच असतात.

मोबाइल निघाले. फोटो निघाले. माझ्यासोबत रोज डब्बा खाणाऱ्या मुलीनंही काढला.

आकडा काढल्यावर मी लाळ पुसली आणि म्हणाले, "थँक्यू सर."

हे मी म्हणाले. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

आमचा तांडा दारव्हा तालुक्यात. बा दारव्हा ते यवतमाळ काळीपिवळी चालवतो. याडी, म्हणजे आई, आमचं वावर बघते. कापूस, तूर. तांड्यात एक हातपंप. लहानपणी त्याचंच पाणी प्यायलो सगळे. आमच्या पिढीतल्या सगळ्यांचे दात तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे, कुठे खड्डे पडलेले. ते वाईट असतात हे आम्हाला माहीत नव्हतं. सगळ्यांचेच तसे, तर वाईट कोण म्हणणार? मी मोठ्यानं हसायची.

दारव्ह्याच्या शाळेत गेले तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, दात घासत नाहीस का. मी घासायला लागले. राखेनं, मिठानं, विटेच्या भुकटीनं. हिरड्यांतून रक्त यायचं. डाग तसेच. मग मी हसणंच बंद केलं. बोलताना ओढणीचं टोक तोंडावर यायला लागलं.

पहिल्या वर्षाला ग्रंथालयात एका पुस्तकात ते पान सापडलं. लहानपणी दात हिरडीच्या आत घडत असतो, तेव्हा पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दाताचं वरचं कवचच बिघडून घडतं. डाग दातावर नसतो, दातात असतो. घासून जात नाही. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे मी घाणेरडी नव्हते. एवढी वर्षं मी रक्त काढलं ते उगाच. मला ते कुणाला तरी सांगायचं होतं. आजूबाजूला सगळे आपापल्या पुस्तकात होते. कुणाला सांगणार?

आणि तेच पान सरांनी माझ्याच तोंडात उघडून वर्गाला दाखवलं.

त्यानंतर जेवायला मी कडेच्या टेबलावर बसायला लागले. कुणी उठवलं नव्हतं. पण कुणी बोलावलंही नाही. मला बरं वाटायचं ते फक्त ओपीडीत, मास्क लावल्यावर. मास्क लावला की मी इतरांसारखीच डॉक्टर. शहराजवळच्या लोहारा गावच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका बाईचे दात मी साफ केले होते. ती आरशात बघत म्हणाली, "बाई, तुमचे दात तं मोत्यावानी असतीन." मी मास्कच्या आत हसले. ते हसू तिला दिसलं नाही.

चौथ्या वर्षाला सरांनी ज्युनियरांसमोर पुन्हा मला खुर्चीत बसवलं. मग कॉलेजातल्या एका परिषदेत पडद्यावर भिंतीएवढं माझं तोंड आलं. डोळ्यांवर काळी पट्टी होती. पण हनुवटीवरचा भाजल्याचा व्रण माझाच. पुढच्या रांगेतल्या दोघी मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली बघत बसले. डोळे झाकले की माणूस ओळखू येत नाही असं यांना वाटतं.

त्याच आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुझ्या पुढच्या दातांवर पांढऱ्या पापड्या बसवून देऊ. फुकट. आधीचे आणि नंतरचे फोटो मला लेखासाठी लागतील. सोमवारी सुरू करू, ज्युनियरही बघतील.

याडीला फोन केला. ती आमच्या बोलीत म्हणाली, करून घे, लग्नाचं सोपं होईल. मग बाला फोन लावला. मागे गाडीचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. मलाही हवे होते पांढरे दात. खोटं कशाला बोलू? आरशासमोर उभं राहून मी ओठ उघडून बघितले, कसे दिसतील म्हणून.

शनिवारी कळंबकडचे एक म्हातारे बाबा आले. खालची दाढ मोडलेली, गाल सुजलेला. उपाशीपोटी पहिल्या एसटीनं आलेले. सरांनी त्यांना खुर्चीत घेतलं आणि विद्यार्थ्यांचा घोळका बोलावला. बाबांना कुणी काही सांगितलं नाही. कुठे टोचणार, किती दुखणार, हे सगळे कशाला उभे आहेत. सर सुई उंच धरून घोळक्याला दाखवत होते, ती नेमकी बाबांच्या डोळ्यांसमोर. बाबांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. कपाळाला घाम फुटला. चेहरा पांढरा झाला आणि मान एका बाजूला पडली.

मी जवळ होते. खुर्ची आडवी केली, पाय वर उचलून धरले, सदऱ्याची बटणं सोडली. श्वास चालू होता. नाडी मंद लागत होती. जे शिकवलं होतं तेच केलं. थोड्या वेळानं बाबांनी डोळे उघडले.

सर घोळक्याला म्हणाले, "घाबरून आलेली चक्कर. आडवं करा, पाय वर. परीक्षेत येतं हे."

बाबांशी कुणी बोललं नाही. मी साखरपाण्याचा ग्लास घेऊन गेले. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, "माफ कर माय. माह्यापायी तुमचा खोळंबा झाला."

ज्याला विचारलं नाही, सांगितलं नाही, घाबरवून पार आडवं केलं, तोच माफी मागत होता. आणि मी थँक्यू म्हणाले होते. दोन्ही एकाच जागेवरून येतं, आपण इथं उपकारावर आलोय असं वाटतं त्या जागेवरून. ती जागा मला त्या दिवशी दिसली.

सोमवारी मी गेले. ज्युनियर जमलेले. कॅमेरा तयार. सरांनी हातमोजे चढवले.

"बस. तोंड उघड."

मी उभीच राहिले. मास्क काढला.

"नाही उघडणार, सर."

त्यांना वाटलं मी घाबरले. म्हणाले, अगं दुखत नाही, तुझ्याच भल्याचं आहे.

"पेशंटला हात लावायच्या आधी त्याची संमती घ्या, असं तुम्हीच शिकवलं. मला कधी विचारलं नाही. आज विचारा. मी नाही म्हणते. आणि आधीचे फोटोही काढून टाका."

सरांनी हातमोजे काढले, बादलीत टाकले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुमच्या लोकांना सवलती द्या, सीट द्या, फुकट इलाज द्या, आणि वर हे ऐकून घ्या."

"सीट माझी आहे, सर. तोंडही माझंच आहे."

दातांवरून ओठ मी खाली ओढला नाही. सगळ्यांना बघू दिलं.

कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही. माझी रूममेट पुसदची, माझ्यासारखीच गावाकडची. रूमवर आल्यावर म्हणाली, "कायले नडली तू सरांना? आता आमालेही भोगा लागन." दुसऱ्या आठवड्यात तिनं रूम बदलली. याडी फोनवर रडली. सरांच्या विषयात मी नापास झाले. तोंडी परीक्षेत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत पुढच्या मुलाला बोलावलं होतं. बॅच पुढे गेली. मी मागे राहिले. अर्ध्या रिकाम्या रूमवर एकटीनं अभ्यास केला आणि पुरवणी परीक्षेत सुटले.

आता माझी इंटर्नशिप चालू आहे. माझे दात तसेच आहेत. उद्या मला वाटलं तर मी बदलीन, माझ्या पैशानं, माझ्या इच्छेनं. माझा फोटो अजून त्यांच्या भाषणात असतो असं ऐकते. मी लेखी तक्रार दिली. उत्तर नाही. दुसरी दिली.

परवा एका कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची, बाई खुर्चीत होती. भोवती घोळका. सरांच्या हातात तोच प्लास्टिकचा आकडा. मी घोळक्यातून पुढे गेले आणि तिला विचारलं, "मावशी, हे लोक तुमचं तोंड बघणार, फोटो काढणार. चालते का तुमाले?"

तिनं आधी सरांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पदर तोंडावर घेतला आणि मान हलवली. नाही.

सर माझ्याकडे बघत राहिले. इंटर्नशिपच्या शेवटच्या कागदावर त्यांची सही लागते. ते देतील किंवा अडवतील. अडवली तर मी वरच्या दारात जाईन, तिथं नाही तर त्याच्या वरच्या. पण या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक माणसाला मी विचारणार. सरांच्या समोर. मोठ्यानं. रोज.