एका गाऱ्हाण्याचा चहा

"उकळी बसू द्या, आक्का. जल्दी काय आहे?" असं म्हणत त्या गॅस बंद करायच्या आणि पातेल्यावर तळहात धरून उभ्या राहायच्या. वाफ हाताला चावेनाशी झाली, की मगच ते पाणी ग्रीन टीच्या पत्तीवर पडायचं.

या आमच्या अंबरपेठच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या मावशी. जन्म इथल्याच, शहरातल्या हिमायतनगरचा. माहेर-सासर दोन्ही मराठी, पण त्यांच्या एकाच वाक्यात मराठी, दखनी आणि तेलुगू सुखाने नांदायच्या. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल, नसेल तर शोधा.

आक्का म्हणजे माझी आई. वडील गेल्यावर मी तिला देगलूरकडच्या गावाहून इथे आणलं. त्यातच शुगर निघाली आणि डॉक्टरांनी गोड चहा बंद केला. चहा सुटला तसं तिचं बोलणंही आटलं. काही विचारलं तर एकच उत्तर, "मला गावाकडं नेऊन सोड, माझं माणूस तिथं गेलंय." या मनाने ती तिथे गेली तर फार दिवस काढणार नाही, अशी मला धास्ती होती.

शेवटी बायकोने ग्रीन टीचं पाकीट आणलं. नेमक्या तेव्हाच मावशी पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. पाहुणचार म्हणून आईने त्या पत्तीला आलं घालून खळाखळा उकळी दिली आणि वर सढळ हाताने दूध ओतलं. आलेला रंग पाहून माझा हात काही पुढे होईना. मावशींनी मात्र कप रिकामा केला. तोंड पुसून म्हणाल्या, "अच्छा झालाय. उद्या मी करते, नक्को म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी निवलेलं पाणी पत्तीवर ओतलं, वर बशी झाकली आणि आईसमोर बसल्या.

"आता एक गाऱ्हाणं सांगा, आक्का. ते संपलं की गाळायचा."

"मला कसलं आलंय गाऱ्हाणं?"

"लेकाचं सांगा. लेकाचं नाही असं घर दाखवा मला!"

आई कितीतरी दिवसांनी हसली आणि सुरू झाली. माझं गाऱ्हाणं इतकं लांबलं की चहा कडूजहर झाला. मावशींनी घोट घेऊन मला हाक मारली, "अय्यो, तुझ्यापायी काय प्यावं लागतंय रे!" मग हे रोजचंच झालं. सुनेचं गाऱ्हाणं बेताचं असायचं, त्या दिवशी चहा उत्तम जमायचा. बायको हे अजून ऐकवते.

एका सकाळी आईने वडिलांचं काढलं. "न सांगता गेले हो," एवढंच म्हणाली आणि रडत राहिली. मावशींनी तिचा हात धरला, समजूत काढली नाही. बशी तशीच झाकलेली राहिली. नंतर तो गार, कडू चहा दोघींनी मिळून संपवला. आई माझ्यासमोर कधी रडली नव्हती. ती त्यांच्याजवळ रडली, याचे उपकार मी कसे फेडणार होतो?

यंदा मावशी गेल्या. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं.

दोन दिवसांनी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "आई, आता तिथं तुझं कोण राहिलं? खोली तयार आहे, न्यायला येतो."

मला वाटलं, आई जाते म्हणणार. तिने पदराने डोळे पुसले.

"आता कशी येऊ रे?" ती म्हणाली. "इथं माझं माणूस गेलंय."